मागच्या सीटला दहापैकी दहा

वर्षातली सर्वोत्तम कौटुंबिक गाडी निवडणाऱ्या परीक्षकांमध्ये आपण आहोत, ही गोष्ट त्याने ओळखीतल्या कुणालाही कळायची बाकी ठेवली नव्हती. त्याचे केस कापणाऱ्यालासुद्धा ती पाठ झाली होती. गेली कित्येक वर्षं तो गाड्यांवर लिहीत होता, पण स्वतःची गाडी त्याने कधी घेतली नाही. घ्यायची गरजच काय? धुतलेली, पुसलेली, टाकी भरलेली गाडी कंपनी दारात आणून द्यायची आणि काही बिघडायच्या आत परत न्यायची. त्यामुळे गाड्यांविषयी त्याचं मत एकंदरीत फार चांगलं होतं. चार दिवस पाहुणा म्हणून राहायचं आणि घर कसं चालवावं यावर व्याख्यान ठोकायचं, असलाच हा प्रकार. हे अधूनमधून त्यालाही जाणवायचं. जाणवलं की तो हसण्यावारी न्यायचा.

निवडीचा दिवस कंपनीच्या गुळगुळीत ट्रॅकवर पार पडला. परीक्षक सगळे नावाजलेले चालक, स्टिअरिंग प्रत्येकाला आपल्याच हातात हवं. दुसऱ्याच्या शेजारी बसायचं म्हणजे कमीपणा, मग मागे कोण बसतोय! मागच्या सीटवर भेट मिळालेल्या बॅगा बसल्या होत्या आणि बॅगांनी कसलीही तक्रार केली नाही. संध्याकाळी गुणपत्रकात 'मागच्या प्रवाशांची सोय' असा रकाना आला, तेव्हा सगळ्यांनी एकदा एकमेकांकडे पाहिलं आणि निमूटपणे पेनं उघडली. गाडी घडवणारे एक वयस्कर अभियंते समोरच उभे होते. दिवसभर उन्हात थांबून त्यांनी प्रत्येकाला जातीने पाणी आणून दिलं होतं. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत सात कसे लिहायचे?

आपल्या परीक्षकाने नऊ लिहिले. शिवाय वर एक वाक्य लिहून दिलं, 'मागे बसणाऱ्याला दिवाणखान्याचं सुख!' वाक्य इतकं झकास उतरलं की त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. गाडीला बक्षीस मिळालं. वाक्य चौकाचौकांत झळकलं आणि पुढे त्याचा स्टिकर होऊन प्रत्येक नव्या गाडीच्या मागच्या काचेवर जाऊन बसला.

असाच एक स्टिकर त्याच्या ताईच्या दारातही येऊन उभा राहिला.

ताई एरवी फळवाल्याकडचं फळ हुंगल्याशिवाय पिशवीत टाकणारी नव्हे. पण भाऊजी न्हाणीघरात घसरले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत लांबलचक कडक पट्टा बांधून ते घरी आले. पाय जरासुद्धा वाकवायचा नाही, गाडीत मागच्या सीटवर आडवा पसरून ठेवायचा, आणि व्यायामाला ठरल्या दिवशी न्यायचंच. या दिवसांत व्यायाम चुकला तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. जुनी उंच, खोक्यासारखी गाडी नेमकी तेव्हाच रस्त्यात बंद पडायला लागली. ताईने भावाला फोन केला.

"हे बघ, मला रंग नको, वेग नको. यांना मागे पाय लांब करून बसता येईल ना, तेवढंच सांग."

"ताई, डोळे झाकून घे," तो म्हणाला.

तिने डोळे झाकून घेतली.

आज तो मुद्दाम आला होता. आपण निवडलेल्या गाडीतून भाऊजींना व्यायामाला न्यावं, वाटेत चार कौतुकाचे शब्द ऐकावेत, एवढाच साधा हेतू. त्याने ऐटीत मागचं दार उघडलं. भाऊजी कुबडी टेकत पाठमोरे आत सरकू लागले. गाडीचं छप्पर मागच्या बाजूला खाली उतरत गेलं होतं. लेखात त्याने त्याला 'चित्त्याची ऐट' म्हटलं होतं. चित्त्याने भाऊजींच्या टाळूवर सणसणीत टोला हाणला.

"थोडं खाली वाका, भाऊजी."

"मी वाकतो हो, पाय वाकत नाही ना!"

डोकं आत गेलं तर टाच दाराच्या चौकटीला अडकत होती, आणि टाच सोडवली की डोकं बाहेर. ताईने पलीकडच्या दारातून मागून काखेत हात घातले, याने पुढून पाय धरला, आणि दोघांनी मिळून भाऊजींना असं काही अडकवलं की ते ना आतले राहिले ना बाहेरचे.

"परीक्षकसाहेब," भाऊजी धापा टाकत म्हणाले, "तुमच्या दिवाणखान्यात शिरायचं कुठून, तेही काचेवर लिहायला हवं होतं."

"मागच्या वेळी कसं नेलंस गं?" त्याने ताईला विचारलं.

"नाही नेलं. गाडी आल्यापासून दोन खेपा चुकल्या."

"मला तर म्हणालीस, त्यांना थकवा आहे म्हणून!"

"मग काय सांगायचं होतं तुला?"

पण हार मानेल तो परीक्षक कसला! तो म्हणाला, "हे बघ, एका पायावरून गाडी ठरत नाही. बक्षिसांत थोडं इकडेतिकडे होतं, ते सोड. पण मालकांचा सर्व्हे होतो ना, तो खरा. तिथे कुणाची भीडभाड नसते. लोक भोगलेलं सांगतात. त्यात सगळं बाहेर येईल."

"हे अर्धे बाहेर आहेत, त्यांचं आधी बघ," ताई म्हणाली.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. "अगं बाई, तोच असेल! शोरूमचा माणूस सांगून गेलाय, या आठवड्यात सर्व्हेवाल्यांचा फोन येईल, कृपा करून दहाच द्या, नऊ दिलेत तरी आम्ही नापास." तिचे दोन्ही हात भाऊजींच्या काखेत होते. मग यानेच फोन घेतला, स्पीकर लावला आणि गाडीच्या टपावर ठेवला.

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आधी एक प्रश्न. तुमच्या जवळच्या नात्यात कुणी गाड्यांच्या धंद्यात आहे का, किंवा गाड्यांवर लिहिणारं? असेल तर आम्हाला तुमची उत्तरं घेता येत नाहीत."

ताईने भावाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही."

सख्ख्या बहिणीने उभ्या उभ्या त्याला नात्यातून काढून टाकलं, आणि तेही त्याने एका हाताने तिच्या नवऱ्याचा पाय धरलेला असताना.

"इंजिनला दहापैकी किती?"

"दहा."

"ब्रेक?"

"दहा."

"गाडीत चढणं-उतरणं?"

"आई गं!" भाऊजी कळवळले. चौकट पुन्हा टाचेला लागली होती.

"दहा," ताई म्हणाली.

"आणि मागच्या सीटवरची सोय?"

"दहापैकी दहा."

त्याच्या डोक्यात पुढचा हिशेब सुरू झाला. हे दहा आता आणखी हजारो दहांमध्ये मिसळतील, त्यांची सरासरी निघेल, रंगीत आलेख छापून येतील, आणि त्यावर लेख कोण लिहील? हाच! त्याला शीर्षकसुद्धा सुचलं, 'आमच्या निवडीवर मालकांचं शिक्कामोर्तब'. भाऊजींचा पाय हातात असताना सुचलं. स्वतःची इतकी शरम त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

"खोटं आहे!" तो टपाकडे तोंड करून ओरडला. "मागच्या सीटला भोपळा लिहा! इथे माणूस आत जात नाहीये!"

"आपण कोण बोलताय सर?"

"मी यांचा भाऊ. गाड्यांचा परीक्षक. या गाडीला बक्षीस देणाऱ्यांपैकी एक."

"मग सर, या घरातली उत्तरं आम्हाला धरता येणार नाहीत. सगळी रद्द करावी लागतील. वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत." फोन बंद झाला.

"खोटं चाललं होतं तोवर सगळं धरत होते," भाऊजी म्हणाले. "आता मला बाहेर काढा."

दोघांनी त्यांना ओढून काढलं आणि पायरीवर बसवलं. ताईने त्यांचा पाय सरळ केला, पट्टा तपासला. भावाला तिच्याकडे बघवेना.

"ताई, मी त्या सीटवर कधी बसलोच नव्हतो गं."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं. बसला असतास तर निदान 'डोकं सांभाळा' एवढं तरी सांगितलं असतंस. यांना लागावं असं तुला थोडंच वाटत होतं?"

"मग ते दहा दहा काय देत होतीस?"

"ते तुला देत होते," ती म्हणाली. "गाडीला कशाला देऊ?"

त्याला रडू फुटलं. भररस्त्यात, स्वतःच्या वाक्याच्या स्टिकरसमोर. पाणी देणाऱ्या त्या म्हाताऱ्या अभियंत्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने तरी ते नऊ गाडीला कुठे दिले होते!

"रडणं नंतर," ताई म्हणाली. "ही खेप चुकवायची नाहीये."

डोळे पुसत तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. येणारी पहिली उंच गाडी लॉन्ड्रीची निघाली, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे पोहोचवणारी, एका बाजूने पुरती चेपलेली. त्याने हात जोडून ती थांबवली. कंपनी विचारली नाही, साल विचारलं नाही. चालकाला अडचण सांगितली आणि म्हणाला, "आधी मी मागे बसून बघू का?"

मागचं दार उघडून तो आत चढला. गठ्ठ्यांवर पाठमोरा सरकला, पाय ताठ लांब केला आणि तसाच पडून राहिला. डोकं कुठे आपटलं नाही, टाच कुठे अडकली नाही. चालक ताईकडे बघून भुवया उडवत होता.

"कशी आहे रे?" ताईने बाहेरून विचारलं.

जिभेवर आलेलं वाक्य त्याने तिथेच थोपवलं.

"भाऊजींना आत येऊ दे," तो म्हणाला. "मग त्यांनाच विचार."