उजवा दिवा

“सर, इथे करंगळी जातेय बघा.”

नर्सबाईंनी खरोखरच करंगळी घालून दाखवली. बॉनेट आणि नवा उजवा दिवा यांच्यामधली फट तिला पुरून उरत होती.

सर्व्हेअरने वाकून पाहिलं. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात त्याचे केस पिकले होते, आणि एवढ्या काळात आपण एकदाही खोटं बोललो नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. ते खरंही होतं. त्याची रीत सोपी होती. विचारेल त्याला उत्तर द्यायचं. न विचारणाऱ्याच्या दारात ते नेऊन कशाला टाकायचं? गाडी नवी असेल आणि गिऱ्हाइकाने मागितला, तर कंपनी ओरिजिनल पार्ट मंजूर करायची. नाही मागितला, तर स्वस्तातला लोकल. बहुतेकजण मागत नसत. त्यामुळे कंपनीतल्या साहेबांच्या लेखी हा माणूस म्हणजे सोनं.

नर्सबाईंनीही मागितला नव्हता. टेम्पोने दिवा फोडला त्या दिवशी “तुम्हीच बघा सर, मला यातलं काय कळतंय” म्हणत त्या ड्यूटीवर पळाल्या होत्या. त्याने बघितलं होतं. लोकल.

“लोकलचं थोडं इकडेतिकडे व्हायचंच, ताई,” गॅरेजवाली म्हणाली आणि सर्व्हेअरकडे बघून गालात हसली.

शेजारी तशीच एक गाडी उभी होती, तोच रंग, तसाच दिवा फुटून आलेली. ती त्याच्या धाकट्या बहिणीची. बहिणीनेही काही विचारलं नव्हतं. त्यानेच आपण होऊन फोन केला होता, “अगं, ‘ओरिजिनलच हवा’ एवढं लिहून दे. का ते विचारत बसू नकोस.” तिचा दिवा असा बसला होता की नखसुद्धा शिरलं नसतं. गॅरेजवालीने मात्र सकाळीच त्या गाडीवर कापड टाकलं होतं. “धूळ फार हो साहेब आमच्याकडे.”

“मी कटकट करत नाहीये, सर,” नर्सबाई म्हणाल्या. “पण रात्रपाळीला जाते तो तळ्याकडचा रस्ता. तिथे एक खांब पेटेल तर शपथ. एवढंच सांगा, तुमच्या घरची गाडी असती, तर तुम्ही हाच दिवा बसवला असता?”

गॅरेजवालीचा पाना हातातच थांबला.

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नर्सबाईंची सही व्हायची होती, अजून सगळं फिरवता येत होतं. साहेबांची चार बोलणी खावी लागली असती, आणि ते कापड काढावं लागलं असतं.

“हाच,” तो म्हणाला.

“मग मिटलं की!” नर्सबाईंनी बॉनेटवरच कागद ठेवून सही ठोकली. “आपल्याला समजत नाही, तेव्हा असं सांगणारं माणूस लागतं हो.”

गाडी फाटकाबाहेर गेली. गॅरेजवालीने हात पुसले. “साहेब, कापड काढू का आता?”

विचारेल त्याला उत्तर देणारा तो माणूस खिशात पेन चाचपत राहिला.

पुढे पावसाळी हवेतल्या एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन तो रस्ता ओलांडायला उभा होता. एक गाडी थांबली. त्याला वाट देण्यासाठी तिचे दिवे लुकलुकले. डावा लख्ख. उजव्याच्या काचेला आतून वाफ धरलेली, पडद्याआड कुणी कंदील हलवावा तसा त्याचा उजेड.

“जा ना, सर!” खिडकीतून नर्सबाईंचा आवाज आला. “सावकाश जा!”

मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. “बाई, तुमचा...” तो म्हणाला, पण ते हॉर्नमध्येच गेलं, आणि दुसऱ्यांदा त्याच्याने म्हणवलं नाही. त्याने हात हलवला, आधी तुम्ही.

नर्सबाई हसल्या, गाडी तळ्याकडे वळली. डावीकडची झाडं एकेक करून उजळत गेली. उजवीकडची होती तशीच काळी राहिली.