अप्पाच्या पावलाचं माप

शुक्रवार पेठेत प्रभूचं घर माझ्या घराला चिकटून. मधी एकच भिंत, तीबी वीतभर. त्यामुळं भुसार दुकानातनं प्रभू आला की त्याच्या पोरीचं, दानेश्वरीचं, गणित मला फुकटात ऐकू यायचं. पोरगी आठवीला.

"तेराचा वर्ग?" प्रभू पुस्तकात बघून विचारायचा.

"एकशे एकोणसत्तर."

"दोनशे पंचवीसचं वर्गमूळ?"

"पंधरा."

गडी मागच्या पानावर उत्तर बघायचा आन मगच हसायचा.

त्या रविवारी मी चहाला गेलतो, तर हा भिंतीकडंनं अंगठ्याला टाच लावत चालतोय. दानू मागनं गुडघ्यावर, दर पावलाची खडूनं खूण करतीया.

"काय रं, ह्या वयात लंगडी?" मी म्हणलं.

"गप बस कल्लप्पा, मोजणं चुकंल."

कोपऱ्यापासनं ह्या भिंतीकडंनं तीन पावलं, त्या भिंतीकडंनं चार. मग दानू म्हणाली, "आता ह्या टोकावनं त्या टोकाला तिरपं चला, अप्पा."

पाच पावलं आली. नेमकी. प्रभूला पटंना, परत चालला. परत पाच.

"तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा. मिळून पंचवीस. त्याचं वर्गमूळ पाच."

"माझं पाऊल काय फूटपट्टी हाय व्हय? तुझ्या एवढुशा पावलानं येतंय का पाच?"

"कुणाच्याबी पावलानं येतंय."

"दाव की."

"उद्या दावते. आता जेवा."

प्रभूनं त्या खडूवर कुणाला पाय ठेवू दिला न्हाय. त्याची बायको नीलम्मा कडंकडंनं झाडत होती आन पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात त्याच्या छातीत कळ आली. पोत्याला टेकून बसला, तो उठलाच न्हाय.

आमच्या लिंगायतांत मयताला बसवून पुरत्यात, आन खड्डा मोजायचा तो मयताच्याच पावलानं. विधी करणारे रुद्रप्पा स्वामी सुतळी घेऊन आले.

"चप्पल हाय की त्याची, तीच न्या," कुणीतरी म्हणलं.

"ती एक नंबर मोठी हाय," दानू म्हणाली. "अप्पांचा अंगठा दुखायचा."

मग स्वामींनी प्रभूच्या पायाला सुतळी लावली आन मापाला गाठ मारली. दानू त्या गाठीकडंच बघत होती.

रुद्रभूमीत खड्डा मोजून झाला, प्रभूला आत बसवला. स्वामी सुतळी त्याच्या मांडीवर ठेवाय लागले, तर दानूनं हात पुढं केला.

"मला द्या की."

"न्हाय पोरी. माप माणसाबरोबर जातंय."

वाटलं, आता पोरगी हंबरडा फोडंल. पण तिनं सुतळी घेतली आन आपल्या हातानं बापाच्या मांडीवर ठेवली. मागं सरकून माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊ दे काका. घरी फरशीवर हाय."

मयत बाहेर पडलं की घर धुत्यात. आन धुवायला माझीच बायको महानंदा थांबली होती.

परत आलो तर शहाबादी फरशी लख्ख. महानंदा हातात फडकं घेऊन दारात उभी. "सगळं धुतलं बाई, कोपऱ्यासकट. कसलंतरी खडूबिडू होतं, तेबी घासून काढलं," ती नीलम्माला म्हणाली. बिचारीनं मायेनंच केलं होतं. तिला काय म्हणू मी?

दानूनं कोपऱ्याकडं बघितलं. मग चप्पल काढली, कोपऱ्याला टाच लावली आन ओल्या फरशीवर अंगठ्याला टाच लावत चालली. तीन पावलांवर थांबली.

"काका, हितं उभं राहा."

मी राहिलो. ती कोपऱ्यात परत गेली, दुसऱ्या भिंतीकडंनं चार पावलं गेली. तितनं तिरपी माझ्याकडं निघाली. एवढुशी पावलं, पाण्यात चपचप वाजणारी. पाचव्याला तिचा अंगठा माझ्या अंगठ्याला टेकला.

"आलं, अप्पा," ती म्हणाली, आन माझ्या पायाशी खाली बसली.

महानंदा फडकं पिळायचंच विसरली.