लॅपटॉपचं माप

घरात एखादी मोठी वस्तू यायची असली की सगळ्यांना मतं फुटतात. शेजारी बोलतात, पाहुणे बोलतात, ज्यांचा काही संबंध नाही तेही बोलतात. ती वस्तू जो वापरणार, त्याला विचारायचं तेवढं राहून जातं. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असं झालं असेल, ते ज्याचं त्याने आठवावं. कपडे शिवणाऱ्या एका मास्तरांच्या घरी झालं, ते मी सांगतो.

मास्तरांचं दुकान पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या. मध्ये एक पडदा. त्या दिवशी तो पडदा उडवून त्यांची लेक बाहेर आली आणि ओरडलीच, "बाबा, मिळाला प्रवेश!"

एका जागी बसणं माहीत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. सांख्यिकीच्या पदव्युत्तर अभ्यासाला तिला प्रवेश मिळाला होता. या घरातलं कुणी इतकं शिकलं नव्हतं. आईने कापडाच्या कडा शिवायचं इंटरलॉकचं मशीन थांबवलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाच मिठी मारली.

"आता लॅपटॉप लागेल," भिंगरी म्हणाली.

"लागेल म्हणजे? सगळ्यात भारी घेऊ!"

मग काय, जो येईल त्याला मास्तर विचारू लागले. पँटची लांबी कमी करायला आलेले डॉक्टर म्हणाले, "माझ्या मुलाने घेतलाय तोच घ्या. डोळे मिटून." कोटाचं माप द्यायला उभा राहिलेला बसड्रायव्हर म्हणाला, "स्क्रीन मोठी बघा, मास्तर. शिक्षण एवढं मोठं आणि स्क्रीन वीतभर, बरं दिसत नाही."

मास्तरांना हे पटलं. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, ही त्यांची जुनी रीत. भिंगरीचं सगळं बालपण बाह्या दुमडण्यात गेलं होतं. मोठं म्हणजे चांगलं, आणि लेकीला सगळ्यात मोठं दिलं की आपण बाप म्हणून कमी पडलो नाही, असा त्यांचा हिशेब.

भिंगरीने दोनदा सांगून पाहिलं, "बाबा, पुढच्या वर्गातल्या मुलींना मी विचारलंय. मला नेमकं काय लागतं ते..."

"तू अभ्यासाचं बघ. मशीनचं मी बघतो."

एका दुपारी ती आत गेली तर आई इंटरलॉकचं मशीन तेल लावून पुसत होती. ते कालच पुसून झालं होतं.

"आई, पुन्हा कशाला?"

"उद्या संध्याकाळी तयार कपड्यांचा दुकानदार हे विकत न्यायला येणार आहे. बाबांनी ठरवलंय. तुझ्या लॅपटॉपसाठी. सकाळी दुकानात जाऊन लॅपटॉप ठरवायचा, थोडे पैसे भरायचे, बाकीचे मशीनचे आल्यावर."

भिंगरीचा चेहरा उतरला. त्या मशीनवर आई शाळांचे गणवेश शिवायची. घरात चार पैसे जास्तीचे यायचे ते त्यातूनच. "मग मला लॅपटॉप नकोच. आणि अभ्यासही नको."

"वेड्यासारखं बोलू नकोस. किती खुशीत आहेत ते. मी कशी मोडता घालू?"

भिंगरीने आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती आणि लहानपणी भावाच्या हातात कात्री तिनेच दिली होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "उद्या दुकानात जाताना मला घेतल्याशिवाय जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं निघाली. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता. गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरले होते, ती कोटावर तशीच लोंबत होती. रस्ताभर ते भेटेल त्याला सांगत होते, "लेकीला लॅपटॉप घ्यायला चाललोय."

दुकानात शिरताच त्यांची नजर मधल्या टेबलावर गेली. हा एवढा मोठा लॅपटॉप, आणि त्याच्या बटणांखाली लाल, निळे, हिरवे दिवे पळत होते.

"हाच," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांच्या मुलाकडे हाच आहे."

"नजर चांगली आहे, काका," विक्रेता म्हणाला. "याच्यावर कुठलीही गेम लोण्यासारखी चालते."

"हिला गेम खेळायच्या वर्गात प्रवेश मिळालाय का?" अक्का म्हणाली.

"अक्का, तू जरा गप्प बस. पुढे कामं वाढतील तिची." मास्तरांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला. "वजनदार आहे. माल दिसतो."

आई दारापाशी उभी होती. अक्काने भावाच्या गळ्यातली मोजपट्टी ओढून काढली आणि त्याच्याच हातात दिली.

"घे माप."

"कुणाचं?"

"तेच विचारतेय मी. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तू शेजाऱ्याच्या मापाने कोट कापलास, असं आजवर कधी केलंस?"

"असं कसं कापीन? कापड वाया नाही का जाणार?"

"मग आत्ता काय चाललंय? शिकणार ही, आणि माप डॉक्टरच्या मुलाचं!"

मास्तरांना हे लागलं. दुसरं काही कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं, पण त्यांच्या कात्रीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी जड लॅपटॉप खाली ठेवला. मग गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात ते म्हणाले, "सांगा बाई. काय हवंय तुम्हाला?"

भिंगरी हसली, आणि धबधबा सुटला. "बाबा, दोन बस बदलून जायचंय, पाठीवर न्यायचाय, म्हणून हलका हवा. तिथल्या वाचनालयात प्लग फक्त भिंतीकडच्या टेबलांना आहेत, म्हणून बॅटरी टिकली पाहिजे. मेमरी भरपूर हवी, कारण आकड्यांच्या हजारो ओळी एकदम उघडाव्या लागतात. बटणं चांगली हवीत, शेवटी प्रबंध लिहायचाय. आणि फारच मोठी गणितं असली तर ती विभागातल्या मोठ्या संगणकावर पाठवतात, तो सोडवतो. ते रंगीत दिवे मला कशाला?"

"आणि उद्या काम वाढलं तर?"

"तर मेमरी वाढवता येईल का, एवढं आजच बघून घ्यायचं. तुम्ही शिवणीत कापड राखून ठेवता ना, तसं."

"असं सांग ना आधी!" मास्तर उजळलेच. "म्हणजे उसवून मोठा करता येतो तर!"

त्यांनी कोटाच्या बाह्या सरकवल्या आणि टेबलावरचे लॅपटॉप एकेक करून उलटे करायला लागले. "हा उघडतो का? याच्या आत जागा आहे का? अहो, आतून दाखवा. बाहेरून सगळेच इस्त्री केलेले असतात." विक्रेत्याची धांदल उडाली. भिंगरी टाइप करून बघत होती, अक्का पिशवीत घालून खांद्याला लावून बघत होती. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं आपलं सोडून यांच्याभोवती जमली.

मापात बसणारे नवे लॅपटॉप महाग होते. शेवटी विक्रेता आतून एक काळा, साधा लॅपटॉप घेऊन आला. "कार्यालयात वापरून परत आलेला आहे. आमच्याकडे तपासून घेतलाय, बॅटरी नवी घातलीय. वर्षाची हमी, आणि किंमत नव्याच्या निम्मी."

मास्तरांचा चेहरा पडला. "वापरलेला? माझी लेक दुसऱ्याचा वापरलेला नेणार? लोक काय म्हणतील?"

"तुझं अर्धं दुकान कशावर चालतं?" अक्काने विचारलं. "मोठ्या भावाचा कोट धाकट्याला बसता करून देतोस. बसला की ते पोरगं आरशासमोरून हलत नाही. त्याला कधी हसलास?"

मास्तरांनी लॅपटॉप भिंगरीपुढे सरकवला. भिंगरीने तो उघडला, बॅटरी बघितली, मेमरीची रिकामी जागा आहे याची खात्री केली, आणि विक्रेत्याला म्हणाली, "हमी लेखी द्याल ना?" मग भराभर दोन ओळी टाइप केल्या. "बाबा, हाच. अगदी हाच."

"मग याच्यासाठी काही विकायला लागत नाही," अक्का म्हणाली. "तरी विचारते. मशीन विकायचं ठरवलंस, तेव्हा बायकोला विचारलं होतंस?"

मास्तरांनी बायकोकडे वळून बघितलं. "तुझी हरकत होती?"

"होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

मास्तरांनी खिशातून फोन काढून तिथूनच कपड्यांच्या दुकानदाराला लावला. "संध्याकाळी येऊ नका. मशीन विकायचं नाही. जिचं आहे ती नाही म्हणते." पलीकडून तो बराच वेळ कुरकुरला. मास्तर हं हं करत राहिले, पण बधले नाहीत.

घरी परतताना लॅपटॉप भिंगरीच्या पाठीवर होता. ती दहा पावलं पुढे पळायची, वळून म्हणायची, "बघा, जाणवतही नाही!" आई हसत होती, आणि संध्याकाळी कुठले गणवेश संपवायचे ते अक्काला सांगत होती.

काही दिवसांनी बेकरीवाला दुकानात आला. "मास्तर, तुमच्या लेकीने लॅपटॉप कोणता घेतला? आमच्या मुलालाही प्रवेश मिळालाय. नाव सांगा, तोच आणतो."

"मुलाला घेऊन या."

"त्याला काय कळतंय? लहान आहे तो."

"दाढी करतो ना?"

"करतो की."

"मग विचारा त्याला. काय शिकणार, कसा जाणार, कुठे बसणार. त्याला विचारल्याशिवाय मी नाव सांगणार नाही."

वाचकहो, आपण आपल्या माणसांना भरभरून देतो, पण बऱ्याचदा त्यांच्याकडे न बघता देतो. मग एकाच्या पाठीवर नको ते ओझं येतं, आणि दुसऱ्याच्या हातातलं काम जातं. महाग वस्तू आणली म्हणजे प्रेम जास्त झालं असं नाही. वापरलेली वस्तू घेतली म्हणजे मान गेला असंही नाही. ज्याला वापरायचं आहे त्याला आधी विचारावं, आणि ज्याच्याजवळचं जाणार आहे त्यालाही विचारावं. विचारायला काही लागत नाही. दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकावं लागतं.