इबूनं पाठवलेलं आलं

नळीच्या तळाशी पिवळसर साय... इतकीशी, की नखावर घेतली तर दिसणारही नाही. सकाळपासून यंत्रात गरगरलेल्या आल्याच्या रसातून एवढंच हाती लागतं – आल्याच्या पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यांच्यात औषध भरलं की त्या ते वाटेत वाया न घालवता आतड्यापर्यंत नेतात, उंदरांच्या. फक्त उंदरांच्या, वेनिंगनं पुन्हा मनाशी घोकलं.

"उंदरांसाठीच ना? का घरी न्यायचा विचार आहे?" शेजारच्या टेबलावरून रुक्मीनं चिडवलं. थट्टाच ती, पण वेनिंगनं घाईनं नळीचं झाकण लावलं.

घरी योग्यकर्त्याला सेतो, तिचा थोरला भाऊ, आतड्याच्या कर्करोगानं वाळत चाललाय आणि केमो घेत नाही – बहीण औषध करतेय ना, मग ते विष कशाला, म्हणतो. आईनं, इबूनं, जन्मभर दारोदार जामूचे काढे विकले. ज्याच्यापुढे आलं हात टेकेल असा आजार तिला ठाऊकच नाही. परसातलं आलं ती बांडुंगला, वेनिंगच्या प्रयोगशाळेत पाठवत राहते.

फोन वाजला. इबूच.

"पोचलं का गं आलं? बाजारचं नको वापरूस, त्यात दम नसतो."

"पोचलं, इबू."

"हॉस्पिटलवाले आजही केमोचं विचारत होते. सेतो म्हणतो, वेनिंगचंच घेईन. काय सांगू त्यांना?"

"मी... बघते, इबू."

"बघ बाई. तो वाट बघतोय."

त्यांच्याकडे आईला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघते म्हणतात, आणि आई काय ते ओळखते. या वेळी इबूनं ओळखलं नाही... की ओळखायचंच नव्हतं तिला? नाही म्हटलं तर दादाचा धीर जाईल, न म्हटलं तर दादाच. मग साधा आल्याचा रस बाटलीत भरून न्यावा, हेच ते औषध, केमोबरोबरच लागू पडतं, असं ठोकून द्यावं – एवढ्या खोट्यानं तो वाचत असेल तर काय बिघडलं?

वाट सापडली म्हणून हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते वाईट. त्या रसात खरं औषध नसणार म्हणून. आणि मग तिच्या ध्यानात आलं, गेले कित्येक दिवस ती उंदराच्या मात्रेवरून दादाच्या वजनाचा हिशेब मांडत होती – हात धुताना, जेवताना, आत्ता इबूशी बोलतानाही.

इबूला नाही म्हणवत नाही, असं ती समजत होती. पण कुणी परक्यानं विचारलं असतं, तरी ती 'बघते'च म्हणाली असती. त्या औषधाची वाट बघत दादा एकटाच थांबला नव्हता.