दोन बोटं आत

आमच्या लाडकीचं लग्न होऊन ती सातपाटीला गेली, ते साल अठ्ठावन्न. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडले होते आणि त्यांच्यावरच बसून शेरूशेठ लाडकीच्या बाबांना एक कागद दाखवत होता.

"नारूभाय, ही माझी मोटार."

लाडकीच्या बाबांनी मान उजवीकडे वळवून कागद पाहिला. हल्ली ते सगळंच असं पाहत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. घरात ते मला ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नाही. आमच्या आगर गावात होड्या घालणारे सुतार ते एकटेच. होळीनंतर गावातल्या बाबल्या कोळ्याची मोठी होडी त्यांनी घालायची ठरली होती.

शेरूशेठ म्हणजे मल्याणच्या चिकूवाडीवाल्या इराण्याचा धाकटा मुलगा. त्याने मुंबईहून अपघातात सापडलेली एक मोटार आणली, वरचं सगळं कापून काढलं आणि नुसत्या सांगाड्यावर फळी टाकून तलासरीपर्यंत पळवून आला. इंजिन चांगलं होतं. आता त्याच्यावर शर्यतीच्या मोटारीचं अंग चढवायचं होतं. मुंबईला विमानतळावर शर्यत होती, पुढच्या जानेवारीच्या शेवटी.

लाडकीच्या बाबांनी कागद परत दिला.

"ही एकच बाजू हाय, शेठ. दुसरी कुठं हाय?"

"दुसरी पन अशीच ने."

"आन वरून? फुगलेली का चपटी?"

शेठने खिशातले बाकीचे कागद काढून चाळले. मोटार त्याने चाळीस वेळा काढली होती, पण चाळीसही वेळा बाजूनेच.

लग्नाच्या सैपाकात माझी चूल फुटली होती. नवीसाठी मी तिथेच माती मळत होते. मी म्हटलं, "मातीत करून बघा. फिरवून तरी बघता येल."

तीन दिवस चूल बाजूला राहिली आणि हातभर लांबीची मोटार झाली. शेठ कागद पुढे धरायचा, मी माती लावायची, लाडकीचे बाबा बोट फिरवून सांगायचे. कागदावर शेपटीला माशासारखा उभा पर होता. ते म्हणाले, "तिरपा वारा आला की ह्यो पर तुमाला ढकलत नेल." पर गेला. नाक उंच होतं. मी अंगठ्याने दाबत सरंग्याच्या तोंडासारखं खाली आणलं.

"बस, देवकीबेन. आता हात काढ," शेठ म्हणाला.

नाक खाली आलं म्हणून बसायची जागाही खाली घ्यावी लागली. शेठ जमिनीवर पाय पसरून बसला आणि लाडकीच्या बाबांनी काठीने त्याच्या खांद्याचं, गुडघ्याचं माप घेतलं.

"खड्डा आला तर ढुंगान पहिलं घासंल, शेठ."

"विमानतळावर खड्डे नसते."

पहिली मोटार वाळताना तडकली. दुसरी मी भाताचा कोंडा घालून केली. ती ओलसर असतानाच शेठने गळाच्या दोरीने तिचे दुधी चिरावा तसे अकरा काप केले. मला वाईट वाटलं, पण त्याचं काम आता कुठे सुरू झालं होतं. प्रत्येक कापाची डावी अर्धी बाजू त्याने चौकड्यांच्या कागदावर काढली आणि तीच दहा पटीने मोठी केली. तोच कागद उलटा करून उजवी बाजू करायची होती. त्या मापाच्या लाकडी बरगड्या उभ्या करायच्या आणि गणू पत्रेवाल्याने त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बसवायचा, असं ठरलं.

पण होडीत तसं करत नाहीत. होडीची एक बाजू साच्याने होते आणि दुसरी नजरेने. लाडकीच्या बाबांचे वडील तसंच करत आणि त्यांच्या होड्या अजून पाण्यात होत्या. कागद उलटे न करताच त्यांनी उजव्या बरगड्या तासल्या. मला दिसत होतं. मी खालचा भुसा झाडत राहिले.

बरगड्यांचा सांगाडा पुरा झाला त्या दिवशी कोंबड्या त्याच्यात शिरायला लागल्या, म्हणून मी वरून जुनं जाळं टाकलं. मधल्या फळीपासून दोन्हीकडे सारखी घरं मोजून कडेला दगड ठेवले. डावीकडे जाळं ताणून बसलं. उजवीकडे सैल पडलं. मी पुन्हा घरं मोजली. तेवढीच होती.

लाडकीचे बाबा जेवून हात धूत होते. मी म्हटलं, "उजवी बाजू दोन बोटं आत हाय."

"तुला काय कळतं त्यातलं."

"जाळं कळतं."

ते उठले, सांगाड्यापाशी गेले. डोळे मिटून दोन्ही हात दोन्ही बाजूंनी फिरवत गेले. शेवटच्या बरगडीपाशी हात थांबले.

"बाबल्याच्या कानावर जाता नये," ते म्हणाले.

"शेठला तरी सांगा."

"शेठला सांगितलं म्हंजे आगराला सांगितलं."

पत्रा बसवायला गणू आला. बादल्या आणि ट्रंका करणारा माणूस, तोंडाचा फटकळ. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत त्याने आठवडाभरात डावी बाजू बसवली. तिच्यावरून माप घेऊन उजवीचा पत्रा कापला. तो बसेना. त्या दिवशी मोटार बघायला बाबल्याही आला होता.

"नारूदा," गणू म्हणाला, "ही तुमची एक बाजू जेवलेली आन एक उपाशी हाय काय?"

बाबल्या हसला. मग हसायचा थांबला आणि बरगड्यांकडे वाकून बघू लागला.

शेरूशेठने टेप काढली. डावीकडे लावली, उजवीकडे लावली. मग लाडकीच्या बाबांकडे पाहिलं. ते मान उजवीकडे वळवून उभे होते आणि शेठ त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिला. मी दारात होते. हातातलं सूप खाली ठेवलं.

"गणू, तुला सांगायचं राहिलं," शेठ म्हणाला. "ड्रायवर उजवीकडे बसते ने. वजन तिकडे. म्हणून ती बाजू आत घ्यायला मीच सांगितलेलं."

"मंग आधी बोलायचं ना, शेठ. पत्रा फुकट गेला."

"दुसरा आण."

बाबल्या सरळ झाला. "मोटारीचं गणित येगळंच म्हनायचं," असं म्हणून विडी पेटवून निघून गेला.

शेठने टेप खिशात घातली. गणू दुसरा पत्रा आणायला गेला.

संध्याकाळी लाडकीच्या बाबांनी सदरा चढवला. मला म्हणाले, "चल." आम्ही बाबल्याच्या घरी गेलो. तो जाळं शिवत बसला होता.

"होडी दुसऱ्याकडं घाल, बाबल्या."

"का रं दादा? शेठनं तर सांगितलं…"

"शेठ खोटं बोलला. मना उजव्या डोळ्यानं दिसत नाय. मोटारीत शेठ एकटा बसनार, त्यो बी कोरड्या जमिनीवर. तुज्या होडीत सात मानसं."

बाबल्याची बायको पुतळी पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. बाबल्याने सुई जाळ्यात टोचून ठेवली. म्हणाला, "बसा तरी. च्या घ्या."

आम्ही चहा घेतला आणि घरी आलो.

ठोकलेला पत्रा बरगड्यांवरून उतरवून मोटारीवर चढवला आणि तिला निळा रंग दिला. शर्यतीत ती आठांमध्ये सहावी आली. शेठने स्वतः येऊन सांगितलं, पेढेही आणले. दोन वर्षांनी मोटार पुण्याच्या कुणी घेतली. बरगड्यांचा सांगाडा आमच्याकडेच राहिला. बाबल्याची होडी सातपाटीच्या सुताराने घातली. लाडकीचे बाबा त्यानंतर पाट, पाळणे, दारांच्या चौकटी करत. प्रत्येक चौकटीला दोन्हीकडून सूत धरत आणि मला बोलावून बघायला लावत.

सांगाड्यावर मी जाळी वाळत घालायची. उजवीकडे ती थोडी सैलच पडत.

नारू सुतार सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत, होळीच्या आधी वारले.