बटण चेंडू आणतं म्हणे

दादाने कुत्रं माझ्या दारात आणून सोडलं तेव्हा त्याच्यासोबत एक अंथरूण, एक पोचे आलेलं भांडं आणि बाबांच्या दुकानातलं एक गाठोडं होतं. बाबा शिंपी. चाळीस वर्षं एकाच टेबलावर कापड बेतलं आणि महिन्यापूर्वी त्याच टेबलाच्या पायाला अडखळून खुबा मोडून घेतला. दुकान बंद झालं. बाबा हॉस्पिटलात, कुत्रं माझ्याकडे, आणि दहा दिवसांनी बाबांना घरी सोडतील तेव्हा तेही माझ्याकडे, असा दादाने सगळा बेत आखून आणला होता.

मी म्हटलं, कुत्रं ठेवते. बाबांचं बघू.

दादाने लगेच वहिनीच्या कंबरेचं दुखणं काढलं. मग घर लहान असल्याचं काढलं. शेवटी म्हणाला की बाबा आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. कुत्रं पाळल्यापासून दगडाला पाझर फुटलाय. रोज संध्याकाळी दुकानामागच्या अंगणात चेंडू टाकतात, बटण धावत जाऊन आणून देतं, आणि बाबा हसतात. बटण हे कुत्र्याचं नाव. बाबा हसतात हे त्याने मला दोनदा सांगितलं.

मी बाबांना हसताना कधी पाहिलेलं नाही. आम्हा दोघांना त्यांनी शिवण शिकवलं त्याची रीत अशी होती: टीप वाकडी गेली की ते मशीन थांबवायचे. ओरडायचे नाहीत. उलट त्यांचा आवाज खाली यायचा आणि त्या खालच्या आवाजात ते म्हणायचे, "जा, घेऊन ये." काय आणायचं ते सांगत नसत. लाकडी पट्टी भिंतीला खिळ्यावर टांगलेली असायची. ती आपणच काढायची, दोन्ही हातांवर आडवी धरून त्यांना द्यायची आणि मग तेच हात पुढे करायचे. रेंगाळलं तर दुप्पट. माराचं मला आता काही वाटत नाही. पण मी माझ्या पायांनी चालत जाऊन ती पट्टी आणत होते, याची चीड अजून जात नाही.

अशा माणसाला माझी लेक राहते त्या घरात आणायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. दादाच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुत्र्यावर ठेवता येईल असं वाटलं. कुत्र्याने चेंडू आणला तर दादा खरं बोलतोय, बाबांना आणायचं. नाही आणला तर त्यांनी वृद्धाश्रमात जावं.

लेकीला मी यातलं अर्धंच सांगितलं. आजोबा इथे येणार की नाही ते बटण ठरवणार आहे, असं म्हटलं. ती नऊ वर्षांची. आजोबांना तिने दोन-तीनदाच पाहिलंय, आणि मैत्रिणींच्या घरी असतात तसे आजोबा तिला हवे आहेत. ती जीव तोडून कामाला लागली.

पहिल्या दिवशी तिने चेंडू टाकला. बटणाने चेंडूकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि ते जाऊन कपाटाआड बसलं. दादाला फोन केला तर म्हणाला, नवं घर आहे, बुजलंय, जरा लाड करा. आम्ही लाड केले. चेंडूला उकडलेलं अंडं चोळून पाहिलं. बटणाने अंडं चाटून घेतलं आणि चेंडू आम्हाला ठेवला. मी जुन्या मोज्यात चिंध्या भरून मऊ चेंडू शिवून दिला. लेक स्वतः चार पायांवर रांगत गेली, दातांत मोजा धरून परत आली आणि माझ्याकडून शाबासकी म्हणून बिस्किट घेतलं. बटणाने हे सगळं अतिशय लक्षपूर्वक पाहिलं आणि जागचं हललं नाही. मी म्हटलं, तुझं शिक्षण तरी पूर्ण झालं. लेक जमिनीवर लोळून हसली.

त्या दिवसांत मी काय इच्छित होते ते सरळच सांगते. कुत्र्याने चेंडू आणावा असं मला लेकीपेक्षा जास्त वाटत होतं. कुठल्यातरी अंगणात माझा बाप चेंडू टाकून हसत असेल, तर उशिरा का होईना, मला तो बाप हवा होता.

सातव्या दिवशी बटणाने मोजा तोंडात धरला. दोन पावलं आणला आणि टाकून दिला, पण शेपटी एकदा हलली. लेकीने घरभर नाच केला. मी त्या रात्री झोपताना आतल्या खोलीत बाबांची खाट कुठे मावेल याचा अंदाजही घेतला.

नवव्या दिवशी सकाळी एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने मी शिवून दिलेले अठरा पडदे परत पाठवले. वीतभर आखूड. चूक माझीच होती, माप घेताना दुमडपट्टी धरायची राहिली होती. अठराच्या अठरा पडद्यांना खालून जोड द्यायचा होता आणि हॉटेलचा माणूस चार वाजता ते न्यायला यायचा होता. मी मशीनला बसले. मागे लेकीचं चालू होतं, आण, आण, शहाणं ना तू, आण. तेवढ्यात तो मोज्याचा चेंडू घरंगळत येऊन मशीनच्या पायट्यात अडकला. टीप वाकडी गेली, सुई मोडली.

मी ओरडत नाही. आमच्या घरी कोणी आवाज चढवत नाही, शेजारीण याचं कौतुक करते. मी चेंडू काढला, समोर फेकला आणि कुत्र्याकडे बघून म्हणाले, "जा, घेऊन ये."

बटण ताडकन उठलं. चेंडूवरून सरळ पुढे गेलं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बाबांचं गाठोडं पडलेलं होतं, मी ते सोडलंही नव्हतं. बटणाने दातांनी गाठ ओढली, तोंड आत खुपसलं आणि पट्टी बाहेर काढली. मधोमध धरून, दाराच्या चौकटीला न अडकवता, तिरकी करून ते ती घेऊन आलं. माझ्या पावलांवर आडवी ठेवली. मग पोट जमिनीला टेकवलं, डोळे मिटले आणि पुढचे दोन्ही पंजे पुढे केले.

"आणलं!" लेक म्हणाली. "आई, त्याने आणलं. आता आजोबा येणार."

मी पट्टी उचलली. तिच्या मधोमध दातांचे खड्डे होते. एकदोन नव्हेत, एकावर एक पडलेले, बोट आत जाईल असे. आमच्या वेळी तिथे काही नव्हतं. मी लेकीला सांगितलं की आजोबा येणार नाहीत. ती म्हणाली, पण तूच म्हणाली होतीस. मी म्हटलं, खोलीत जा. ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. हॉस्पिटलचे कागद घेऊनच आला होता. त्याला पट्टीवरचे खड्डे दाखवले असते तरी पुरलं असतं. पण मला त्याला तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. मी पट्टी गाठोड्यात परत ठेवली होती. दादा खुर्चीत टेकला, बटणाने त्याचे हात चाटले, आणि मी त्याच आवाजात ते तीन शब्द म्हणाले.

बटण गेलं, पट्टी आणली, ठेवली, आडवं झालं. त्याची पाठ थरथरत होती. मी पट्टी उचलून परत आत ठेवली आणि पुन्हा म्हणाले. ते पुन्हा गेलं.

दादाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, औषधांच्या कंपनीत पंधरा जण त्याच्या हाताखाली.

"बंद कर," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"मग चेंडू कुठला?"

"चेंडू नव्हताच."

"आणि तू त्यांना माझ्या लेकीजवळ ठेवणार होतास."

"माझा मुलगा चार वर्षांचा आहे," दादा म्हणाला. "तुझी निदान मोठी तरी आहे."

मी त्याला निघ म्हटलं. बाबांना वृद्धाश्रमात टाक, अर्धा खर्च पाठवेन, पण हा उंबरा त्यांनी ओलांडायचा नाही. त्याने वाद घातला नाही. कागद गोळा केले, गाठोडं काखोटीला मारलं, पट्टी उचलून त्यात खुपसली. मला बाबांची कीव आली नाही. दादाची आली नाही. मी जिंकले होते आणि मला बरं वाटत होतं.

दारात चपला घालताना तो थांबला.

"मी त्याला तीन आठवडे सांभाळलं," तो म्हणाला. "मीही एकदा हेच शब्द बोलून पाहिले होते. खात्री करून घ्यायला. ते उठलं नाही. तुझ्या एका हाकेवर उठलं."

मी दार लावलं. पडद्यांचं काम तसंच पडलं होतं. बटण जागेवर नव्हतं. लेकीच्या खोलीत पाहिलं, तीही नव्हती. बेतायच्या टेबलाखाली कापड लोंबत होतं ते मी वर केलं. दोघं तिथे होती, एकमेकांना चिकटून, भिंतीला पाठ लावून. लेकीने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मी तिला आजवर एक बोट लावलेलं नाही, हे मला तिथल्या तिथे कोणालातरी शपथेवर सांगावंसं वाटलं.

मी खाली बसले. जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "बाहेर ये."

बटणाने डोळे मिटले आणि पंजे पुढे केले. लेकीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाठीमागचे हात काढून पुढे धरले.