बैठकीतल्या दिव्यावरचे बुलबुल

सिस्टरच्या नवऱ्याला सगळे ‘निसर्गमित्र’ म्हणत. हे नाव त्यानंच स्वतःला ठेवून मग लोकांच्या गळी उतरवलं होतं. शाळेत तो भूगोल शिकवायचा आणि रविवारी दुर्बीण अडकवून मंडळींना तळ्याकाठी हिंडवायचा. पाखरांविषयी बोलताना आवाज असा ओला करायचा, की ऐकणाऱ्यानं रुमाल शोधावा. घरात मात्र पाल दिसली की खुर्चीवर चढायचा. सिस्टर हे कुणाला सांगत नसे. अब्रू दोघांची असते.

एकदा बुलबुलाच्या जोडीनं गॅलरीतून आत येऊन बैठकीतल्या टांगत्या दिव्यावर घरटं बांधलं. सिस्टर हाडांच्या वॉर्डातली ड्यूटी संपवून आली, तर नवरा टाचा उंचावून उभा.

“हळू बोल! त्यांनी आपल्याला निवडलंय.”

“दिव्याला निवडलंय. पंखा लाव आधी, घामाघूम झालेय.”

“पंखा? पात्यात सापडली म्हणजे?”

हे मात्र खरं होतं, म्हणून तिनं ऐकलं. पंखा बंद, दिवा बंद, गॅलरीचं दार सताड उघडं. फोटो काढायचे त्यानं, घाण काढायची हिनं. ती दिव्याखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. त्यात एकदा नवऱ्याच्याच लेखाचं पान हाती आलं, ते तिनं बरोब्बर मधोमध अंथरलं.

अंडी फुटली, तीन पिल्लं निघाली. मग दुर्बीणवाली मंडळी दर्शनाला आली. निसर्गमित्र ‘सहजीवन’ या विषयावर तासभर बोलला. सिस्टर तेवढा वेळ सहजीवनाच्या बावीस कपबश्या विसळत होती.

पण पिल्लांची भूक वाढली तशी घाणही वाढली. एक शिंतोडा नव्या कोऱ्या सोफ्यावर पडला, दुसरा थेट निसर्गमित्राच्या टकलावर. त्याचं प्रेम तिथल्या तिथे वाळलं.

“आपण त्यांना गॅलरीतल्या कुंडीत हलवू,” तो म्हणाला. “निसर्गाच्या कुशीत.”

“कावळ्यांच्या घशात म्हण. चार दिवस कळ काढ, पंख फुटलेत. हात लावायचा नाही, सांगून ठेवते.”

ती ड्यूटीवर गेली. दुपारी तिच्याच वॉर्डात स्ट्रेचरवरून एक रुग्ण आला: उजवं मनगट मोडलेलं, टाळूवर चोचीचे दोन टोचे, कानांमागच्या उरल्यासुरल्या केसांत काड्या.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“मांजर!” निसर्गमित्र कण्हला. “घरट्यावर झेपावलं. मी मधे पडलो.”

“आपण चौथ्या मजल्यावर राहतो.”

त्यानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर मात्र भारावले. त्यांनी फोनवर चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी चाळीस जणांना. सिस्टर घरी धावली. स्टूल आडवं, शेजारी केराची सुपली; घरटं थोडं कललेलं, पण पिल्लं तिन्ही शाबूत. तिनं सुतळीनं घरटं दिव्याला बांधून टाकलं. तेवढ्यात बुलबुलीण तिच्याही डोक्यावरून दोनदा झेपावली. “बाई गं, तुझं बरोबर आहे,” सिस्टर म्हणाली.

दोन दिवसांनी मंडळींनी सत्कार ठेवला. निसर्गमित्र प्लास्टर छातीशी धरून बसला. शेवटी कुणीतरी आग्रह धरला, “वहिनींनी दोन शब्द बोलावेत.”

सिस्टर उठली. “मांजर वगैरे आलं नव्हतं. हे सुपलीनं घरटं काढायला चढले होते. पक्षिणीनं पाडलं.”

सभागृह हास्यात बुडालं. टाळ्या थांबेनात. “वहिनी भलत्याच विनोदी हो!” अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. हसला नाही तो एकच.

घराच्या दारात आल्यावर तो म्हणाला, “चारचौघांत असं बोलायचं?”

“कुणी विश्वास ठेवला का? मग झालं तर.” तिनं ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. “डावा हात धड आहे ना? सोफा पूस.”

तो गुडघ्यांवर बसून पुसू लागला. तेवढ्यात एक पिल्लू धडपडत दिव्यावरून सुटलं आणि सोफ्याच्या पाठीवर आदळलं. मान वाकडी करून त्यानं या टकलूकडे पाहिलं, पुसलेल्या जागी पुन्हा एक ठिपका टाकला आणि गॅलरीतून आईच्या मागे उडून गेलं.

“ते राहिलंय बघ,” सिस्टर म्हणाली.